भोंग्या भुंकतच नाही

इमारतीच्या मते कुत्रा दिवसभर भुंकायचा आणि मावशींच्या मते तो भुंकतच नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नाही, तेव्हा कुणीतरी खोटं बोलत होतं. इमारत म्हणायची मावशी, मावशी म्हणायच्या इमारत. भांडण इतकं साधं होतं, म्हणूनच ते महिनोन् महिने चाललं.

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. एकट्या, म्हणजे त्या आणि भोंग्या. जन्म सगळा कापडगिरणीत मागावर गेला. गिरणी बंद पडल्यावर त्या घरी बसून रफू करायला लागल्या. कोटाची कोपरं, सिगारेटने जळलेली पँट, उंदराने कुरतडलेली शाल, काय वाटेल ते यायचं आणि धडकं होऊन जायचं. हात असा की कपड्याच्या मालकालाही भोक कुठे होतं ते सापडू नये. स्वभाव मात्र धारेचा. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

मागांच्या खात्यात बोलून उपयोग नसतो. सगळीकडे सूत वाहणारे धोटे मागांवर आपटत असतात, जमीन पायाखाली थरथरत असते. नवी आलेली बाई पहिले काही दिवस ओरडून घसा बसवून घेते, मग शहाणी होते आणि ओठ वाचायला शिकते. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी आवाज न काढता तासन् तास गप्पा मारायची. कुणाची सासू कशी आहे, कुणाला दिवस गेलेत, मुकादमाचं आज काय बिनसलंय. मुकादमाची पाठ वळली की तिथल्या तिथे त्याची हजेरी घेतली जायची आणि तो बापडा गोंगाटातून ऐटीत चालत राहायचा. मावशी या कामात पटाईत होत्या. रस्त्यापलीकडे दोघांचं भांडण लागलं तर त्या खिडकीतून ते शब्दनशब्द सांगायच्या.

या विद्येने त्यांचा घात केला. गिरणीने त्यांचे कान हळूहळू खाल्ले आणि डोळ्यांनी ती तूट इतकी बेमालूम भरून काढली की कान गेल्याचं मावशींना कळलंच नाही. माणूस समोर असला की त्यांना सगळं कळायचं. समोर नसला की तो पुटपुटतोय असं त्यांना वाटायचं. हल्ली माणसं फार पुटपुटतात, ही त्यांची कायमची तक्रार होती. टीव्हीतली पुटपुटतात, दुकानदार पुटपुटतो, आणि दूरच्या शहरात दिलेली मुलगी तर फोनवर निव्वळ पुटपुटते. मावशी आपलं सांगायचं ते सांगून फोन ठेवून द्यायच्या. आई कुणाचं ऐकूनच घेत नाही, असं मुलगी नवऱ्याजवळ म्हणायची.

आणि एखाद्याचं बोलणं अगदीच कळलं नाही तर मावशी मान डोलवायच्या. ही सवयही खात्यातलीच. मुकादम काहीतरी बोलून गेला की मान डोलवायची, म्हणजे तो पुढच्या मागाकडे जातो. पुन्हा विचारलं तर आपलं लक्ष नव्हतं असा बोभाटा. 'हो' म्हटल्याने फारसं काही बिघडत नाही, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

भोंग्या त्यांना गिरणीतच मिळाला होता. खराब सुताच्या गठ्ठ्यात एक कुत्री व्याली, तिची बाकीची पिल्लं गेली, हा राहिला. मूठभर जीव, पण आवाज असा काढला की बायका म्हणाल्या, अगं, पाळी सुटली वाटतं, भोंगा झाला. तेच नाव पडलं. मावशींनी त्याला डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. तेव्हा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मुलगी सासरी गेलेली. घरात आपल्यावर खेकसणारं तरी कुणी असावं, असं त्या म्हणायच्या.

पुढची कितीतरी वर्षं भोंग्याच त्यांचे कान होता. हे त्यालाही माहीत नव्हतं आणि त्यांनाही. दारावर थाप पडली की तो धावत येऊन त्यांची बाही तोंडात धरायचा. दूध उतू जायला लागलं की धावायचा. मावशी म्हणायच्या, काय लाडात आलाय मेला! आणि उठून बघायच्या तर दारात माणूस.

मग भोंग्या म्हातारा झाला. डोळ्यांत पांढरे पडदे आले, कान गेले, नाकालाही काही कळेनासं झालं. डोक्यातही काहीतरी विसकटलं असावं. स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात, भिंतीआड, एका जुन्या कांबळ्यावर तो पडून असायचा. आता बाही ओढायला कुणी येईना. दार वाजवून वाजवून लोक निघून जायचे आणि खाली जाऊन सांगायचे, बाईंना माज आलाय. मावशी म्हणायच्या, हल्ली कुणी फिरकत नाही.

मावशी पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसायच्या. रफूला उजेड लागतो. स्वयंपाकघराकडे पाठ. त्यांची पाठ वळली, की थोड्या वेळाने भोंग्या भिंतीकडे तोंड करून सुरू व्हायचा. रागाचं भुंकणं नव्हतं ते. एकच लांब, घोगरा आवाज, मग थोडं थांबणं, मग पुन्हा तोच. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. मावशी उठल्या की लाकडी जमिनीतून त्यांची पावलं त्याच्या पोटाला कळायची आणि तो गप्प व्हायचा. त्या कोपऱ्याशी पोचेपर्यंत तो शहाण्यासारखा मान टाकून शेपटी हलवत असायचा. त्याला भुंकताना शेवटचं कधी पाहिलं, हे मावशींना आठवत नव्हतं. बिचारा बोलायचाही थांबला, असं त्यांना वाटायचं आणि वाईट वाटायचं.

त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, एक नर्स राहायची. तिची ड्यूटी कायम रात्रीची. सकाळी येऊन ती अंथरुणावर पडायची आणि डोक्यावर भोंग्या सुरू व्हायचा. तिने कानात कापूस घालून पाहिला, पंखा मोठा करून पाहिला, डोक्यावर उशी दाबून पाहिली. नंतर नंतर तर तो गप्प असला तरी तिला झोप येईना, कारण आता भुंकेल, मग भुंकेल, याची ती वाट बघत पडायची. ती चांगली मुलगी होती. पहिल्यांदा आली तेव्हा बिस्किटांचा पुडा घेऊन आली.

"मावशी, दिवसा भोंग्याला तुमच्याजवळ घेऊन बसता का जरा? फार भुंकतो हो."

"कोण, भोंग्या?" मावशी हसल्या. "अगं, त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही आता. तो दुसरा कुणीतरी असेल. रस्त्यावरचा."

दुसऱ्यांदा ती आली तेव्हा मावशी हसल्या नाहीत. तिसऱ्यांदा जिन्यातच जुंपली. वॉर्डात एका पेशंटला चुकीचं इंजेक्शन टोचता टोचता ती आदल्या रात्री वाचली होती. वॉर्डच्या मोठ्या सिस्टरने सगळ्यांसमोर झापलं होतं. ती रडतच बोलत होती.

"मावशी, पाया पडते तुमच्या. माझी नोकरी जाईल. माणूस मरेल एखादा माझ्या हातून."

"मग नीट काम कर! माझ्या मुक्या जनावरावर कशाला बिल फाडतेस?" मावशी कडाडल्या. "मला सगळं कळतं. कुत्र्याच्या नावाने मला बाहेर काढायचंय तुम्हाला. मुलीनेच फोन केला असेल ना सेक्रेटरीला?"

ही भीती मात्र अगदीच वेडी नव्हती. मुलगी गेलं वर्षभर पत्रं लिहून मागे लागली होती, की आई, आता एकटी राहू नकोस, इकडे ये. जावयाला कुत्र्यांचं वावडं. म्हणजे मुलीकडे जाणं म्हणजे भोंग्यावर पाणी सोडणं. तिचं पहिलं पत्र वाचल्यापासून मावशींना प्रत्येक माणूस मुलीचा वकील दिसायला लागला होता.

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी मध्ये पडले. बँकेतून रिटायर झालेले हे गृहस्थ आवाज चढवायला घाबरायचे. त्यांनी चार गोड शब्द बोलायला तोंड उघडलं, तोच मावशींनी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगितलं:

"या माझ्या घरी. बसा. तुम्ही बसा, ती बसू दे, आणखी कुणाला यायचं त्याने यावं. माझा भोंग्या एकदा जरी भुंकला, तर मी स्वतः त्याला दवाखान्यात नेऊन शेवटचं इंजेक्शन देऊन आणते. आणि नाही भुंकला तर या बाईने सगळ्यांसमोर माझी माफी मागायची."

दुसऱ्या दिवशी दुपारी सेक्रेटरी आणि नर्स वर आले. मावशींनी त्यांना चहा दिला आणि रोजच्यासारख्या खिडकीपाशी बसल्या, फक्त आज तोंड पाहुण्यांकडे. मांडीवर एक कोट होता. हात चालत होते, पण नजर दोघांच्या तोंडावर. चोरी पकडायला बसल्यासारख्या बसल्या होत्या.

थोड्या वेळाने भोंग्या भुंकला.

सेक्रेटरींनी कप खाली ठेवला. नर्सने मावशींकडे पाहिलं. भोंग्या पुन्हा भुंकला. भिंतीआडून आवाज असा येत होता की बशीतला चमचा वाजावा. मावशी टाका घालत होत्या. सुई ओढून त्यांनी दोरा दातांनी तोडला, वर पाहिलं, दोघांचेही ओठ मिटलेले पाहिले आणि विजयाने म्हणाल्या:

"बघा! कुठाय भुंकणं? आं? आता का तोंडाला कुलूप?"

भोंग्या तिसऱ्यांदा भुंकला.

सेक्रेटरी जमिनीकडे बघायला लागले. नर्सचा चेहरा मात्र हळूहळू बदलला. महिनोन् महिने या बाईचा जीव घ्यावा इतका राग तिने पोसला होता आणि आता तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. वॉर्डात असे पेशंट तिने पाहिले होते. ती हलकेच उठली, मावशींच्या मागे गेली आणि त्यांच्या पाठीशी उभी राहून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मावशी, मागे बघा." मावशींनी मागे पाहिलं नाही. त्या सेक्रेटरींकडे बघत राहिल्या, आता माफी कधी मागताय अशा नजरेने.

नर्सने भिंतीवरचा छोटा आरसा काढला. वर पावलं वाजली की भुंकणं थांबतं, हे तिला खाली पडून पाठ झालं होतं; म्हणून चवड्यांवर चालत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन तिने तो तिरका धरला आणि मावशींना हाताने खुणावलं, उठू नका, इथे बघा.

मावशींची जवळची नजर चष्म्याशिवाय चालत नसे, पण लांबची अजून मागावरच्या बाईचीच होती. आरशात त्यांना कोपरा दिसला, कांबळं दिसलं आणि भोंग्या दिसला. त्याने मान उचलली होती. आंधळे डोळे भिंतीकडे होते. जबडा उघडत होता, मिटत होता, थांबत होता, पुन्हा उघडत होता. गळ्याची शीर न् शीर ताणलेली. सगळं अंग त्या उघडण्या-मिटण्याबरोबर हलत होतं.

जन्मभर ओठ वाचलेली बाई ती. त्या तोंडाचा अर्थ लावायला तिला कुणाची मदत लागली नाही. तो हाका मारत होता. त्याला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, वास येत नव्हता, आणि आपण एकटे पडलोय असं समजून तो तिला बोलवत होता. आज नाही, रोज. ती चार पावलांवर पाठ करून बसलेली असताना.

मावशी उठल्या. पावलं टाकताक्षणी आरशातलं तोंड मिटलं आणि शेपटी हलायला लागली. तेव्हा त्या परत खुर्चीवर बसल्या. "किती दिवस?" त्यांनी नर्सला विचारलं.

नर्सला खोटं बोलता आलं नाही. "वर्ष होत आलं, मावशी."

मावशींना रडू आवरेना. इतक्या वर्षांत त्यांना रडताना इमारतीने पाहिलं नव्हतं. सेक्रेटरी उगाच चष्मा पुसत बसले. मग मावशींना आपला शब्द आठवला आणि त्या घाईघाईने म्हणाल्या, "नेते मी त्याला. बोलले तसं नेते." पण नर्सने त्यांचे दोन्ही हात धरले, समोर बसून सावकाश सांगितलं, "कुणीही तसं म्हणत नाहीये. म्हाताऱ्या कुत्र्यांना असं होतं. त्यावर गोळ्या असतात. माझ्या दिराकडच्या कुत्र्याला दिल्या होत्या, बराच शांत झाला. आपण दाखवू त्याला."

"मुलीला कळू देऊ नका," मावशी म्हणाल्या. "कानाचं. तिला कळलं तर ती मला उचलून नेईल." दोघांनी शब्द दिला आणि पाळला.

त्यानंतरचे काही दिवस बरे गेले. मावशींनी खुर्ची स्वयंपाकघरात नेली. अनवाणी पाय भोंग्याच्या पाठीवर टेकवून त्या रफू करायच्या. पाय टेकलेला असेपर्यंत भोंग्या गप्प. उजेड पुरत नव्हता, टाके वाकडे पडत होते, एका गिऱ्हाइकाने कोट परतही केला; पण खाली नर्सच्या डोळ्याला डोळा लागत होता आणि जिन्यात भेटली की ती हसत होती. अडचण एवढीच, की मावशी कपडे पोचवायला बाहेर पडल्या की तो पुन्हा सुरू. हाका मारून मारून त्याचा घसा सोलून निघायचा. त्यातच त्याने खाणं कमी केलं.

"परवा मला सुट्टी आहे," नर्स म्हणाली. "आपण दोघी नेऊ त्याला. डॉक्टरांशी मी बोलते."

मावशींनी मान डोलवली. हे त्यांना नीट कळलं होतं, तरी मनातून पटलं नव्हतं. उभा जन्म कुणाचं बोट धरून त्या कुठे गेल्या नव्हत्या. आता दवाखान्यात ही पोरगी डॉक्टरांना सांगणार, यांना ऐकू येत नाही हो, जरा मोठ्याने बोला. आणि रांगेतली माणसं वळून बघणार. दुसऱ्याच दिवशी सकाळी, नर्स कामावरून परतायच्या आत, त्यांनी भोंग्याला चादरीत गुंडाळलं आणि रिक्षा केली. स्वतः औषध आणून तिला दाखवू, असा विचार होता.

जनावरांच्या दवाखान्यात गर्दी होती. पिंजऱ्यातली मांजरं, पाय मोडलेलं कोकरू, रडणारी माणसं. मावशींचा नंबर आला. टेबलाशी डॉक्टर उभे होते, डोक्यावर टोपी, नाकातोंडावर निळा मास्क. फक्त डोळे दिसत होते.

"हा सारखा भुंकतो," मावशी म्हणाल्या. "दिसत नाही त्याला. खातही नाही. गोळ्या द्या."

डॉक्टरांनी भोंग्याला तपासलं. दात पाहिले, पोट दाबलं, रक्त घेऊन आत पाठवलं, चिठ्ठी आली ती वाचली. मग ते मावशींकडे वळून बोलले. मास्कच्या आत ते जे बोलले ते असं होतं: "आजी, भुंकण्यावर गोळ्या आहेत, पण याची मूत्रपिंडं जवळजवळ गेलीत. गोळ्या दिल्या तर कदाचित थोडे महिने काढेल, पण त्याला त्रास होतोय. माझं मत विचाराल तर आता त्याला सोडवावं. निर्णय तुमचा आहे. देऊ का इंजेक्शन?"

मावशींना निळं कापड हलताना दिसलं. भुवया वर गेलेल्या दिसल्या, म्हणजे प्रश्न आहे. मास्क काढा, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. मागे रांग होती. मदतनीस घड्याळ बघत होता. गोळ्यांचंच काहीतरी असेल, सकाळी द्यायच्या की रात्री. नर्सला दाखवलं की ती सांगेल.

त्यांनी मान डोलवली.

"नक्की ना?" डॉक्टरांनी विचारलं. ते वाईट माणूस नव्हते. दोनदा विचारल्याशिवाय ते हे करत नसत.

मावशींनी पुन्हा मान डोलवली. मदतनीसाने एक कागद पुढे सरकवला. चष्मा घरी सुईदोऱ्याच्या डब्यात राहिला होता. केसपेपर असेल म्हणून त्यांनी सही केली.

पहिलं इंजेक्शन दिलं. मावशींनी दोन्ही हात भोंग्याच्या अंगावर ठेवले होते, म्हणजे तो घाबरणार नाही. तो घाबरला नाही. त्याचं अंग सैल पडलं, डोकं त्यांच्या मनगटावर आलं. केवढं ताकदीचं औषध, त्यांच्या मनात आलं, असं घरी असतं तर त्या पोरीची नोकरी धोक्यात आली नसती. मग दुसरं दिलं. तळव्याखालची छाती थोडा वेळ हलत राहिली आणि थांबली.

"झोप लागली," मावशी डॉक्टरांना म्हणाल्या. "असर किती वेळ राहतो?"

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात वर नेऊन मास्क हनुवटीखाली ओढला. मावशींना त्यांचे ओठ दिसले.

"गेला तो, आजी. मी तुम्हाला विचारलं ना? दोनदा विचारलं. तुम्ही हो म्हणालात."

आता शब्दनशब्द कळला. मावशींनी मान डोलवली. आपण काय करतोय हे कळायच्या आत मान डोललेली होती. त्यानंतर त्यांनी भोंग्याचं अंग हलवून पाहिलं, त्याच्या कानाशी वाकून त्याला नावाने हाक मारली, आणि मदतनीसाने दंडाला धरून बाजूला करेपर्यंत हाका मारत राहिल्या.

त्या घरी आल्या तेव्हा नर्स झोपायच्या कपड्यांतच जिन्यात उभी होती. वर दार बंद बघून, आवाज नाही म्हणून घाबरून बाहेर आलेली. तिने मावशींच्या हातातली घडी केलेली चादर पाहिली. मावशींसमोर येऊन, ओठ नीट हलवत तिने विचारलं, "काय झालं? डॉक्टर काय म्हणाले?"

"काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही," मावशी म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही. त्यांनी तोंड झाकलं होतं आणि मला सांगायची लाज वाटली. त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हटलं."